एक वजाबाकी राहिली आहे
वरच्या प्रतिसादात सोलापुरी चादरींवरच्या दोषांना पॉयसाँ वितरण (दर चादरीला किती दोष निघतील याचं गणिती प्रारूप) लावून सहा गटांचा काय-वर्ग (काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेल्या आणि अपेक्षित संख्यांतल्या फरकाचं माप) ९.८ काढलाय आणि पी-व्हॅल्यू (प्रारूप बरोबर असताना एवढा किंवा जास्त फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता) ०.०८१ दिलीय. ती डिग्रीज ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या गटांची संख्या) ५ धरून येते. पण सरासरीही त्याच चादरींवरून काढलीय, म्हणून गटसंख्येतून नेहमीचा एक आणि सरासरीसाठी आणखी एक वजा करायचा: ६ − १ − १ = ४ आणि पी-व्हॅल्यू ०.०४४. पाच टक्के पातळीवर (पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली की प्रारूप नाकारायचं) निष्कर्षच उलटतो: ‘पॉयसाँ चालेल’चं ‘चालणार नाही’ होतं!

एक्सेलचं काय-स्क्वेअर टेस्टचं तयार फंक्शन एका ओळीसाठी गटसंख्या वजा एक एवढंच धरतं. त्यापेक्षा उजव्या शेपटीच्या फंक्शनला (CHISQ.DIST.RT) ९.८ आणि ४ द्या. टोकाच्या गटांत अपेक्षित संख्या ५ च्या खाली असेल तर ते आधी शेजारच्या गटाला जोडा, मग काय-वर्ग आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम दोन्ही नव्याने काढा. आणि टक्केवारी नको, मोजलेले नगच घाला.