लग्नाचे पोर्ट्रेट रिटच करताना वेळ नेमका कुठे जातो? (लाइटरूम + फोटोशॉप)

शटरबहाद्दर

नमस्कार मंडळी. लग्नाच्या अल्बमचं काम आहे. एका ऑर्डरला नवरा-नवरीचे साधारण ४० पोर्ट्रेट, २४ मेगापिक्सेल, सगळे रॉ. सध्याचा क्रम: लाइटरूममध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर, मग प्रत्येक फोटो १६-बिट टिफ करून फोटोशॉपात. तिथे हीलिंग ब्रश, फ्रीक्वेन्सी सेपरेशनची अ‍ॅक्शन (त्वचेचा पोत आणि रंग दोन वेगळ्या लेयरमध्ये पाडणाऱ्या साठवलेल्या पायऱ्या; ब्लरचा रेडियस कायम १०), डॉज-बर्न (ठिकठिकाणी उजळ-गडद करणं), डोळे-दात, शेवटी शार्पनिंग. फोटोमागे २५-३० मिनिटं जातात, आणि एवढं करूनही तीन गोष्टी खटकतात.

एक, हळदीचा पिवळेपणा मानेवर आणि कानामागे राहतोच. दोन, मुंडावळ्यांच्या कडेने कपाळावर पांढुरका धूर दिसतो. तीन, मेकअपमुळे चेहरा एकाचा आणि मान दुसऱ्याची वाटते.

अल्बम १२×३६ इंची शीटचा आहे. पेन टॅब्लेट आहे. फोटोमागे १० मिनिटांत बसेल असा क्रम कोणी सांगेल का?

---

पिक्सेलपंत

ब्रश उचलण्याआधी चेहरा छापून किती मोठा येणार ते बघा. १२×३६ ची शीट ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × १०८०० पिक्सेल होते. पानावर चेहरा एक इंच उंच असेल तर त्याला जेमतेम ३०० पिक्सेल मिळतात. तुमच्या मूळ फाइलमध्ये कमरेपर्यंतच्या उभ्या फोटोत तोच चेहरा हजार पिक्सेलच्या आसपास असतो. म्हणजे छापताना तो एक तृतीयांश होतो आणि त्वचेची छिद्रं कागदावर उतरतच नाहीत. २०० टक्के झूम करून त्यांच्यावर घालवलेला वेळ पाण्यात जातो.

म्हणून आधी डिझायनरकडून कच्चा ले-आउट घ्या आणि रिटचिंग त्यानंतर. छापील चेहरा दीड इंचाच्या आत असेल तर तो फोटो लाइटरूममध्येच संपवा. दीड ते तीन इंचांना फोटोशॉपात फक्त हीलिंग आणि रंग. तीन इंचांच्या वर, म्हणजे कव्हर आणि पानभर क्लोजअप, तेवढ्यांनाच पूर्ण सोपस्कार. ४० मधले असे फोटो सहसा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात.

लाइटरूममधला क्रम: आयएसओ जास्त असेल तर डीनॉइज (दाणा काढणं) अगदी सुरुवातीला. नंतर केलं तर हील केलेले तुकडे आणि बाकीची त्वचा यांचा दाणा जुळत नाही. मग पीपल मास्कमधून (माणसाचा चेहरा, त्वचा वगैरे आपोआप निवडणारा एआय मास्क) ‘फेस स्किन’ घ्या, टेक्श्चर −१२ ते −१८, क्लॅरिटी −५. ‘बॉडी स्किन’वर टिक करू नका. तो मास्क हातांवरही जातो आणि मेंदीच्या बारीक रेघा पुसट होतात. नवरीला आणि तिच्या आईला ते सगळ्यात आधी दिसतं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला एक्स्पोजर +०.२, सॅच्युरेशन −१५, बस. दातांना फक्त सॅच्युरेशन −३०. उजळपणा वाढवलात की दात ट्यूबलाइट होतात.

हे सगळं एका फोटोवर नीट बसवून बाकीच्यांना सिंक करा. एआय मास्क प्रत्येक फोटोत नव्याने मोजले जातात, त्यामुळे चेहरा हलला तरी चालतं. मुरमांवर मारलेले रिमूव्हचे ठिपके मात्र सिंक करू नका, ते फ्रेममधल्या जागेला बांधलेले असतात. पुढच्या फोटोत गालावरचा ठिपका नथीवर येईल.

आता तुमचा धूर. रेडियस १० ला मुंडावळीच्या मोत्यांचा पांढरा रंग खालच्या, म्हणजे ब्लर केलेल्या लेयरमध्ये कपाळावर पसरतो. वरच्या टेक्श्चर लेयरमध्ये त्याची नेमकी उलट भरपाई साठवलेली असते, म्हणून दोन्ही लेयर जसेच्या तसे असताना चित्र बरोबर दिसतं. तुम्ही लॅसोने कपाळ निवडून खालचा लेयर आणखी ब्लर करता तेव्हा पांढरा रंग सरकतो, भरपाई मात्र जागेवरच राहते. त्या फरकाचा धूर दिसतो. उपाय दोन: सिलेक्शन मुंडावळीच्या दोरीपासून रेडियसच्या निदान दुप्पट लांब ठेवा, किंवा खालच्या लेयरला गॉशियनऐवजी सरफेस ब्लर वापरा, तो कडा धरून ठेवतो. नथ, केसांची रेघ, जबड्याची कड यांनाही हेच लागू.

शिवाय रेडियस कायम १० कशाला? चेहरा हजार पिक्सेलचा असेल तर ४-५ पुरतो, अडीच हजारांचा असेल तर ८-१२. स्लायडर शून्यापासून वाढवत न्या आणि छिद्रं नाहीशी झाली की थांबा. नाकाचा आकार वितळायला लागला म्हणजे पुढे गेलात.

अ‍ॅक्शनही एकदा तपासा. १६-बिटला अ‍ॅप्लाय इमेजमध्ये अ‍ॅड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट ०. ८-बिटला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. दोन्हीत ब्लेंड मोड लिनिअर लाइट. अ‍ॅक्शन चालवल्याबरोबर ग्रुप बंद-चालू करा. चित्र केसभरही बदललं तरी सूत्र चुकलंय.

---

कॅन्डिडकाकू

पंतांचा हिशेब बरोबर, पण या कामात मी फ्रीक्वेन्सी सेपरेशन काढूनच टाकेन. शटरबहाद्दर, तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन रंगाच्या आहेत. टेक्श्चर कितीही घासलं तरी रंग सुधारत नाही, उलट पिवळा डाग गुळगुळीत होऊन जास्त उठून दिसतो.

हळद: ह्यू/सॅच्युरेशन लेयर, यलोज निवडा, ह्यू −८ ते −१२, सॅच्युरेशन −१५ ते −२५. लाइटनेसला हात लावू नका, त्वचा राखाडी होते. मास्क उलटा करून काळा करा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त मान, कानामागे, केसांची रेघ, भुवयांची मुळं आणि नखांच्या कडा रंगवा. हा बदल अख्ख्या फोटोवर सोडलात तर अष्टपुत्रीचा पिवळा नारिंगी होतो आणि सोनं तांब्यासारखं लालसर. दागिने खोटे वाटतात म्हणून घरचे तक्रार करतात ती यामुळेच. एकदा बनवलेला हा लेयर पुढच्या फाइलवर ओढून टाका, फक्त मास्क नवा रंगवा. दीड-दोन मिनिटांचं काम.

डोळ्यावर विसंबू नका. आय-ड्रॉपर ५×५ अ‍ॅव्हरेजला ठेवा आणि इन्फो पॅनेलमध्ये सीएमवायके (सायन, मॅजेंटा, यलो, काळा या छपाईच्या शाया) आकडे बघा. आपल्याकडच्या गव्हाळ त्वचेत यलो हा मॅजेंटापेक्षा ५ ते १२ ने पुढे असतो, सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. गालावर फरक ८ आणि मानेवर २० निघाला तर ती हळद. दोन्हीकडे २० असेल तर व्हाइट बॅलन्सच चुकलाय, लाइटरूममध्ये परत जा.

हनुवटीखालचा रंग: हिरव्या शालूवर उजेड पडला की तो हनुवटीखाली हिरवट परततो. रिकामा लेयर, ब्लेंड मोड कलर, ब्रश फ्लो १० टक्के, शेवटी लेयरची ओपॅसिटी ४०-६०. रंग गालाच्या चमकत्या भागातून उचलू नका. सावलीला तो रंग भडक पडतो आणि गळा नारिंगी दिसतो. जबड्याच्या सावलीतलाच पण हिरवा न झालेला ठिपका शोधा.

चेहरा आणि मान: मान उजळून चेहऱ्याला जुळवायला जाऊ नका. जबड्याखालची सावली गेली की हनुवटी आणि गळा एक होतात, सडपातळ मुलीलाही दुहेरी हनुवटी येते. वर सावलीतला नॉइजही बाहेर पडतो. त्यापेक्षा दोन्हींतल्या फरकाच्या हिशेबाने कर्व्ह्जने चेहरा अर्धा उतरवा, मान थोडी, पाव भागच, वर आणा. उरलेला फरक सावलीचा वाटतो आणि तो असायलाच हवा.

काय काढायचं याचा नियम ठरवून घ्या, विचार करण्यात फार वेळ जातो. मुरूम, थ्रेडिंगचा लालसरपणा, ओरखडा, म्हणजे पंधरा दिवसांत आपोआप जाणारं, ते न विचारता काढा. तीळ, जुना व्रण, आजीच्या हनुवटीवरचं गोंदण विचारल्याशिवाय काढू नका.

---

शटरबहाद्दर

काकू, पंत, आभार. ले-आउट आधी मागवायचं डोक्यातच नव्हतं. दोन प्रश्न उरले. डॉज-बर्नला सर्वांत जास्त वेळ जातो, त्याची सेटिंग्ज काय ठेवावीत? आणि ‘जरा गोरी करा’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

---

तिसरा_दिवा

डॉज-बर्नसाठी दोन कर्व्ह्ज लेयर, एक मधून वर ओढलेला, एक खाली, दोन्हींचे मास्क काळे. ब्रश हार्डनेस ०, फ्लो २ ते ४ टक्के. पेनचा दाब ओपॅसिटीला जोडा, आकाराला नको, नाहीतर प्रत्येक फटका वेगळ्या रुंदीचा येतो. बर्नच्या कर्व्हमुळे त्वचा लाल-नारिंगी होते, कारण नॉर्मल मोडमध्ये गडद करताना सॅच्युरेशनही वाढतं. त्या लेयरला क्लिप केलेला ह्यू/सॅच्युरेशन −८ वर ठेवा.

वेळ खातं ते डागांवर फिरत राहणं. सगळ्यात वर एक तपासणीचा ग्रुप करा: ब्लॅक अँड व्हाइट लेयर, त्यात रेड्स कमी, आणि त्यावर कॉन्ट्रास्ट वाढवणारा कर्व्ह. त्वचेतले चढउतार ठळक दिसतात. पण हा चष्मा लावून सगळं सपाट करायचा मोह होतो, म्हणून विंडो मेनूतल्या अरेंजमधून त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडा आणि ती ‘फिट’वर ठेवा. छोट्या खिडकीत जे खटकत नाही ते सोडून द्या. झूम ५० टक्क्यांच्या पुढे नको. चार जागा पुरतात: डोळ्यांखाली, नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंतच्या रेघा, हनुवटीचा खड्डा, कपाळाचा मध्य. डोळ्यांखालचं निम्मंच कमी करा. पूर्ण भरलंत तर गालाचा उभार जातो.

चेहऱ्यावर आलेल्या बटांना रिमूव्ह टूल वापरा, रिकाम्या लेयरवर, ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ चालू ठेवून. मुंडावळीच्या दोरीवरून गेलेली बट मात्र क्लोन स्टँपने काढा. रिमूव्ह टूल तिथे मोतीच गिळतं किंवा जास्तीचे घडवतं.

घामाच्या चमकेला हीलिंग नको. रिकामा लेयर, क्लोन स्टँप, मोड डार्कन, ओपॅसिटी १५-२०. चमक निम्म्यावर आली की थांबा. कपाळ आणि नाकाचा शेंडा अजिबात चमकला नाही तर चेहरा पिठाने माखल्यासारखा दिसतो.

गोरेपणाबद्दल: फक्त त्वचेच्या मास्कवर एक्स्पोजर चढवलंत की मेंदीचे हात मागे राहतात, शेजारी उभी सख्खी बहीण परकी दिसते आणि पांढऱ्या मोत्यांची नथ नाकावर दिसेनाशी होते. हे ग्राहकाला स्क्रीनवर दाखवा, पुष्कळदा मागणी तिथेच मिटते. ‘गोरी’ म्हणताना बऱ्याच वेळा फोटो काळवंडलाय असं म्हणायचं असतं. अख्खी फ्रेम +०.२ किंवा +०.३ करा, चेहऱ्यावरचा पिवळा उतरवा, पार्श्वभूमी जराशी गडद. त्वचेचा मूळ वर्ण बदलण्याचं काम मी तरी घेत नाही.

---

पिक्सेलपंत

दिव्याशी सहमत, फाइलचं तेवढं जोडतो. २४ मेगापिक्सेलचा १६-बिट आरजीबी लेयर १४४ एमबीचा होतो. सेपरेशनचे दोन आणि हीलिंगचा एक धरला तर मूळ लेयरसकट अर्ध्या जीबीच्या पुढे. लेयरवाली टिफ फक्त कव्हर आणि क्लोजअपची ठेवा.

शार्पनिंग टिफवर करून ठेवू नका. ले-आउटमध्ये फोटो लहान होताना ते दुसऱ्यांदा कडक होतं, आणि भुवया तारेसारख्या दिसतात. शेवटच्या आकाराला आणल्यावर एकदाच. लॅबला सहसा एसआरजीबी (नेहमीचं रंगप्रोफाइल) जेपेग लागतं, पण आधी विचारून घ्या. स्क्रीनची ब्राइटनेस १००-१२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या वर असेल तर छापील अल्बम काळा आल्यासारखा वाटणारच. आधी एकच शीट छापून मागवा, बाकीच्या तोवर पाठवू नका.