मदत हवी आहे: अन्ननलिकेचा कॅन्सर, हर-टू '२+' आणि फिशसाठी ब्लॉकमध्ये तुकडाच उरला नाही

नमस्कार. इथे पॅथॉलॉजी किंवा ऑन्कोलॉजीतलं कुणी असेल, किंवा घरच्या माणसासाठी यातून गेलेलं कुणी असेल, तर कृपया वाचा. गुरुवारी सकाळी ओपीडी आहे आणि त्याआधी एक निर्णय घ्यायचाय.

माझे वडील (आण्णा), वय ६४, एसटीतून निवृत्त चालक. दिवाळीपासून भाकरी घशाखाली उतरेना. आधी घासागणिक पाणी, मग दुधात कुस्करून, आता नुसती पेज आणि गाळलेलं वरण. वाटीभर पेजेला पाऊण तास लागतो, मधेच थांबून छातीवर हात ठेवतात. पित्ताचा त्रास वीसेक वर्षांचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी 'पित्तच असेल' म्हणत तीन महिने घालवले. त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिका जठराला मिळते तिथेच गाठ दिसली. बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर. पेट स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन ठिकाणी पसरलाय, त्यामुळे ऑपरेशन नाही, केमो सुरू करायची आहे.

आता मुद्दा. आयएचसीचा (तुकड्याला रंग देऊन पेशींवरची प्रथिनं शोधतात ती चाचणी) रिपोर्ट असा आहे: ईजीएफआर पॉझिटिव्ह, हर-टू २+, 'फिश करून खात्री करावी'. ईजीएफआर आणि हर-टू ही पेशींवरची प्रथिनं; हर-टू ३+ म्हणजे पक्कं पॉझिटिव्ह, २+ म्हणजे अधांतरी, मग फिशने जनुकाच्या प्रती मोजून ठरवतात. फिश करायला ब्लॉक (बायोप्सीचे तुकडे मेणात बसवलेला ठोकळा) मागितला तर लॅब म्हणते, ब्लॉकमध्ये गाठीच्या पेशी जवळजवळ संपल्यात. एंडोस्कोपीत तीनच छोटे तुकडे घेतले होते आणि ते बाकीच्या रंगांच्या चाचण्यांत कापून झाले. त्यात ईजीएफआरची चाचणीही होती. ती आम्ही मागितली नव्हती, डॉक्टरांनीही लिहून दिली नव्हती.

मला राग याचा येतो, की जी चाचणी उपचार ठरवते तिच्यासाठीच काही उरलं नाही. ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं म्हणून एका नातेवाइकांनी लगेच सुचवलं, 'फुफ्फुसाच्या कॅन्सरला देतात ती गोळी द्या'. मी वाचलं ते वेगळंच. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) प्रकारात, ईजीएफआर पुष्कळ रुग्णांत वाढलेलं असतं. पण नुसत्या रंगावरून औषध ठरत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ४५० रुग्णांवर गेफिटिनिबची (ईजीएफआरवरची तशीच गोळी) चाचणी झाली, २०१४ साली निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या थोड्या रुग्णांना फायदा दिसला, पण ते रंगावरून नाही, फिशवरून कळलं. पॅनिट्युमुमॅब (ईजीएफआरवरचंच इंजेक्शन) केमोला जोडलं तेव्हा तर (२०१३) निकाल आणखी वाईट आला, आयुष्य ११.३ महिन्यांऐवजी ८.८. त्यामुळे ती गोळी आम्ही मागणार नाही.

हर-टूचं तसं नाही. २०१० च्या टोगा चाचणीत जठराच्या आणि या जोडावरच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध) दिलं, तेव्हा आयुष्य साधारण ११.१ चे १३.८ महिने झालं. ज्यांचं हर-टू ३+ होतं किंवा २+ असून फिश पॉझिटिव्ह होतं, त्यांच्यात ११.८ चे १६. आण्णांचं २+ आहे, म्हणजे नेमके त्या उंबरठ्यावर. चार महिने कुणाला थोडे वाटतील, आम्हाला वाटत नाहीत. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात आहे.

माझे प्रश्न:

फिशसाठी पुन्हा एंडोस्कोपी करून तुकडे घ्यावेत का, की केमो आधी सुरू करून नंतर? या गाठीत हर-टू एका भागात असतं आणि दुसऱ्या भागात नसतं, म्हणून किमान पाच, शक्यतो सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं वाचलंय. लिव्हरमधून सुईने घेतलेला तुकडा त्यापेक्षा बरा का?

आण्णांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालीय. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ५० टक्के. बायोप्सीआधी गोळ्यांचं काय करतात? ट्रॅस्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होतो हे माहीत आहे. एवढ्या पंपिंगवर ते देतात का, आणि इको किती दिवसांनी करतात?

उरलेल्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून काही निघेल का? स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या सगळ्या कडेला तपकिरी रंग शोधतात. इथे ग्रंथींच्या पेशींत तो बहुधा बाजूंना आणि तळाला येतो, इंग्रजी यू अक्षरासारखा. बायोप्सीत अशा पाचच पेशींचा पुंजका ठळक रंगला तरी ३+ धरतात म्हणे. मग आमच्या रिपोर्टचं २+ बरोबर वाचलं गेलंय, हे कसं तपासायचं?

भर, संध्याकाळी: एका ताईंनी प्रतिसादात लॅबला पुन्हा विचारायला सांगितलं, त्याप्रमाणे फोन केला. ब्लॉक अजून त्यांच्याकडेच आहे. नवीन दोन काप निघू शकतील, पण त्यात गाठीच्या पेशी येतीलच असं सांगता येत नाही. उद्या ब्लॉक आणि सगळ्या स्लाइड लेखी पावती देऊन ताब्यात घेणार आहे. ताई, परळला टाटामध्ये बाहेरचा ब्लॉक दाखवायला आधी रुग्णाची नोंदणी लागते का? आण्णांना एवढ्या प्रवासाला न्यायचं नाहीये, मी एकटी ब्लॉक घेऊन जाऊ शकते.