'कॉमन लॉ'ला मराठीत काय म्हणावं?

सांजवेळ: इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'कॉमन लॉ'साठी 'सामान्य कायदा' लिहिलं, तर संपादक म्हणाले, वाचक साधासुधा कायदा समजेल. त्यांना 'रूढिविधी', म्हणजे रूढींवर उभा कायदा, हवाय. कुणी वापरलाय?

काळा डगला: रूढिविधी नकोच. रूढी मुलखामुलखांत वेगळ्या होत्या. दुसऱ्या हेन्रीच्या काळात (११५४-८९) राजाचे न्यायाधीश फिरतीवर जाऊन निवाडे करू लागले आणि त्यातून सगळ्या राज्याला एकच लागू पडणारा कायदा घडत गेला. हा 'कॉमन' म्हणजे सातबारावरचा 'सामाईक'. सामाईक विहीर, सामाईक बांध, तसा सामाईक कायदा.

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात घोटाळा होईल. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. 'सामाईक कायदा' वाचला की तेच डोळ्यांपुढे येणार.

रोखठोक: 'कॉमन लॉ'च ठेवा हो. आमच्या तालुका कोर्टात अशीलसुद्धा विचारतात, "साहेब, आपल्या बाजूनं रूलिंग आहे का?" म्हणजे वरच्या कोर्टाचा आधीचा निवाडा; कॉमन लॉ त्यावरच चालतो.

दवबिंदू: म्हणून सगळंच उचलून आणायचं? हेबिअस कॉर्पसला, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायच्या आदेशाला, आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत 'देहोपस्थिती' आहे. किती नेमका शब्द! वापरला नाही तर रुळणार कसा? आणि रूलिंगला 'पायंडा' काय वाईट आहे? पावलांनी पडलेली वाट.

काळा डगला: 'चुकीचा पायंडा पडेल' असंच ऐकतो आपण. 'पूर्वनिर्णय' म्हणा. स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत १९२८ साली एका बाईंनी जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार केली. बाटली मैत्रिणीनं विकत घेतलेली, म्हणजे बाईंचा कुणाशीच करार नाही. तरी १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, ठरवलं की अशा वेळी उत्पादकावर माल वापरणाऱ्याच्या काळजीची जबाबदारी येते. तो निवाडा आजही कॅनडा-ऑस्ट्रेलियापासून आपल्यापर्यंत आधाराला घेतात. याला पायंडा म्हणणार?

दवबिंदू: म्हणणारच! चांगला पायंडाही पडतो की.

रोखठोक: त्यापेक्षा 'नजीर' घ्या. कोर्टातला नाझर हा अधिकारी त्याच अरबी धातूचा.

दवबिंदू: म्हणजे इंग्रजी नको तर फारसी-अरबी चालेल?

रोखठोक: 'कायदा' तरी कुठला आहे?

सांजवेळ: लेखात पुढे अमेरिकेतलं लुइझियाना आणि कॅनडातलं क्वेबेकही येतात, तिथे खासगी व्यवहारांना फ्रेंच वळणाची संहिता. त्या 'सिव्हिल लॉ'ला काय लिहू? 'दिवाणी कायदा' लिहिला तर सगळे फौजदारीच्या उलट तो दिवाणी समजतील.