जुन्या बोटीचं आउटबोर्ड इंजिन पंधरा मिनिटांत मरतं, काय बघू?

वल्हंच_बरं:
नमस्कार मंडळी. सोळा फुटी जुनी फायबरची बोट दोन वर्षं खपून उभी केली. तळ घासला, कुजलेला ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची फळी) बदलला, आतली टाकी नवी बसवली, बाहेरून रंग दिला. इंजिन मात्र जुनंच आहे: ४० अश्वशक्ती, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ऑइल पेट्रोलमध्येच ५०:१ मिसळायचं.

पिंपात लावलं की तासभर घड्याळासारखं चालतं. पाण्यात नेऊन वेग दिला की पंधराएक मिनिटांत दम लागल्यासारखं होतं, गचके खातं आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की एका दोरीत चालू! प्लग नवे आहेत, कार्ब्युरेटर धुतलाय. थंड पाण्याची धार जोरात येते. एक जण म्हणतो प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली. घेऊन टाकू का?

गरम_डोकं:
माझ्याकडे हुबेहूब हेच होतं. कॉइल तापली की आतून सुटते, गार झाली की परत जोडली जाते. कॉइल बदला, मोकळे व्हा.

ओहोटी:
थांबा, एवढ्यात काही विकत घेऊ नका. गार झाल्यावर चालू होतं म्हणजे कॉइलच, हे कारण दर वेळी खरं नसतं. दहा मिनिटांत इंजिन गार होतं, तसंच आणखीही बरंच काही जागेवर येतं.

दोन प्रश्न. बंद पडतं त्या क्षणी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा) कसा असतो? आणि टाकी गच्च भरलेली असताना लवकर मरतं की अर्धी असताना?

वल्हंच_बरं:
फुग्याकडे लक्षच दिलं नाही, तेव्हा मी वल्हं शोधत असतो. टाकीचं म्हणाल तर भरलेली असताना लवकर मरतं. गेल्या खेपेला अर्ध्या टाकीवर अर्धा तास निघाला होता. मला वाटलं नशीब.

ओहोटी:
नशीब नाही, हवा आहे ती. कॉइलला टाकीत पेट्रोल किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पण टाकीचा श्वास कोंडला असेल तर नेमकं असंच होतं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत निर्वात तयार होतो आणि पंपाला ओढ बसेनाशी होते. टाकी भरलेली असताना वरची हवेची जागा मुळात कमी, म्हणून दाब झपाट्याने उतरतो. अर्धी असताना वेळ लागतो. थांबलात की कुठून तरी हवा झिरपते आणि इंजिन पुन्हा चालू होतं. पिंपात नुसतं फिरवताना पेट्रोल लागतं थोडं, त्यामुळे तिथे हा दोष दिसतच नाही.

पुढच्या खेपेला गचके सुरू झाले की फुगा हातात घ्या. चपटा झाला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. मऊ पण गोल असेल आणि दाबत राहिलं की इंजिन सावरत असेल, तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा पंपाचा पडदा फाटलाय. टणक असूनही बंद पडलं, तर पुढे कार्ब्युरेटर आणि ठिणगी बघा. कॉइलची पाळी तेव्हा येते.

फुगा चपटा मिळाला तर टाकीचं झाकण जरा सैल करा. सावरलं तर हवेची वाट बंद आहे. नाहीच सावरलं तर टाकीतली शोषनळी आणि तिच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारा) बघा. झाकण सैल ठेवून फिरत बसू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साचते, आणि मग एक ठिणगी पुरते.

जुनी_नळी:
+१. आणि एक राहिलं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं. पुन्हा चालू होतंय म्हणून असंच दामटत राहिलात तर पिस्टन जाम होईल. तपासणीला नांगर आणि वल्हं घेऊन किनाऱ्यालगतच जा.

वल्हंच_बरं:
सापडलं! फुगा पापडासारखा चपटा. झाकण फिरवलं तर सुस्स् आवाज, आणि इंजिन सावरलं.

आता हसा. टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड बोटीच्या कुशीला बाहेर आहे, त्याला बारीक जाळी. रंग देताना त्यावर कागद चिकटवायला विसरलो. दोन हात प्रायमर, दोन हात रंग, जाळी ठार बंद. वर किती चकचकीत दिसतेय म्हणून मीच फोटो काढून ठेवलाय. तोंड काढून नवं बसवलं, नळीत मध्ये झोळ पडून पेट्रोल साचत होतं तोही सरळ केला. काल सलग पन्नास मिनिटं चाललो.

एक बारीक कुरबुर उरली आहे: सावकाश चालीत गिअर टाकला की कधीकधी मरतं.

गरम_डोकं:
कॉइलचे शब्द मागे घेतो.

जुनी_नळी:
ते वेगळं दुखणं. कार्ब्युरेटर नुसता बाहेरून धुतला असेल तर आयडल जेट (सावकाश चालीला पेट्रोल सोडणारा) तुंबलेलाच असणार, त्याचं भोक केसाएवढं असतं. जेट सोडवून क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होईल. मग आयडलचा वेग बोट पाण्यात बांधून, गिअरमध्ये ठेवूनच लावा. पिंपात लावलेला वेग पाण्यात टिकत नाही. आणि त्याआधी पंख्यामागे दोरा-जाळं गुंडाळलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.

वल्हंच_बरं:
बाहेरूनच धुतला होता. रविवारी जेट काढतो.