कमांड-लाइन साधनातून एआय एजंटला दूध संकलनाची शीट जोडली, पण बेरीज जुळत नाही

संकलन_वही (प्रश्न)

नमस्कार. कऱ्हाड तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेचे हिशेबाचे काम मी पाहतो. ३१२ उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, उत्पादक क्रमांक, नाव, गाव, लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन घटक), दर, रक्कम आणि शेरा असे अकरा रकाने आहेत, आणि हे सारे गूगल शीट्समध्ये ठेवलेले आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत कोणत्या गावचे दूध घटले, संध्याकाळची फॅट का उतरली, असे प्रश्न निघतात आणि दर वेळी नवे सूत्र लिहीत बसावे लागते. म्हणून मी टर्मिनलमध्ये (लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) चालणारा एक एआय एजंट (स्वतः कमांड चालवून काम करणारा एआय मदतनीस) घेतला, शीट वाचून तिच्या ओळी छापणारी एक लहान कमांड पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली आणि ती त्याच्या हाती दिली.

अडचण अशी आहे. मागच्या दहा दिवसांच्या बिलात ५,८७० नोंदी होत्या आणि शीटमधील सूत्रानुसार एकूण दूध ३८,६१२.४५ लिटर होते. एजंटने पहिल्यांदा ३१,९०४ लिटर सांगितले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर ३६,२७० लिटर. मग मी पायथनमध्येच बेरीज करणारी दुसरी कमांड लिहिली. आता उत्तर दर वेळी एकच येते, पण ते ३८,७७६.६० लिटर आहे, म्हणजे शीटपेक्षा १६४.१५ लिटर जास्त. हे लोकांच्या घामाचे पैसे आहेत, त्यामुळे "साधारण बरोबर" असे उत्तर मला चालणार नाही. चूक नेमकी कुठे असावी, आणि ही जोडणी मुळात कशी करायला हवी?

टर्मिनलवाला

आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या चुका एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली चूक एजंटला ओळी वाचायला देण्यात आहे. एजंटच्या मुळाशी असलेले भाषेचे प्रारूप (मॉडेल) पुढचा शब्द काय असावा हे ठरवते, ते गणकयंत्र नाही. पाच-सहा हजार आकड्यांची बेरीज त्याने मनात केली तर ती दर वेळी वेगळी येणारच. शिवाय बहुतेक एजंट कमांडचे लांबलचक उत्तर ठरावीक मर्यादेनंतर कापतात. आपली दोन्ही उत्तरे खऱ्या आकड्यापेक्षा कमी आली आहेत, यावरून त्याला सगळ्या ओळी दिसल्याच नसाव्यात असे वाटते.

दुसरी चूक पायथनच्या बेरजेत आहे आणि ती अधिक फसवी आहे. शीट्सच्या एपीआयकडे (इतर प्रोग्रामना शीट वाचू देणाऱ्या दुव्याकडे) वाचनाचा प्रकार न सांगता मूल्ये मागितली, तर तो पडद्यावर दिसणारे मूल्य देतो, सेलमध्ये साठवलेले नव्हे. आपल्या लिटरच्या रकान्याला एकच दशांश स्थळ दाखवण्याचे स्वरूप दिलेले आहे का, ते पाहा. तसे असेल तर ६.२५ लिटर पडद्यावर ६.३ दिसते आणि कमांडलाही ६.३ च मिळते, मात्र शीटमधील सूत्र ६.२५ धरते. वजनकाटा ०.०५ च्या पटीत आकडा देत असेल, तर शेवटी पाच असलेली प्रत्येक नोंद वरच फेकली जाते, खाली कधीच येत नाही. निम्म्या नोंदी तशा असल्या तरी ५,८७० नोंदींत सुमारे १४७ लिटर हवेतून वाढतात. आपला फरक त्याच घरातला आहे. एपीआयला स्वरूप न दिलेली मूल्ये मागा.

तसे केले की तारखा मात्र आकड्यांच्या रूपात येतील, उदाहरणार्थ १ एप्रिल २०२५ ऐवजी ४५७४८. घाबरू नका. ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले ते दिवस आहेत आणि एका ओळीत त्यांचे रूपांतर होते. "०३/०४" म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, असा घोळ घालणाऱ्या मजकुरापेक्षा हा आकडा कितीतरी विश्वासाचा.

जोडणीविषयी माझे स्पष्ट मत असे, की एजंट आणि शीट यांची थेट गाठ घालूच नये. दिवसातून दोनदा, संकलन संपल्यावर, एका लहान प्रोग्रामने पूर्ण शीट एकदाच वाचून तिची नक्कल संगणकावर एसक्यूलाइट या लहान डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवावी, आणि एजंटला फक्त त्या फाइलवर प्रश्न चालवणारी कमांड द्यावी, तीही केवळ वाचनाच्या पर्यायासह. मग एजंटचे काम मराठी प्रश्नाचे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) करणे एवढेच उरते आणि बेरीज डेटाबेस करतो. त्याने लिहिलेली क्वेरी (एसक्यूएलमधला प्रश्न) उत्तरासोबत दाखवायला लावा, म्हणजे शंका आली तर ती आपल्याला तपासता येईल. वर्षाच्या दोन लाखांहून अधिक ओळी होतात, पण एसक्यूलाइटला त्यांचे ओझे वाटत नाही. एजंट सेलमागून सेल मागत शीट वाचू लागला, तर गूगलची एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० वाचनांची मर्यादा लगेच संपते आणि ४२९ क्रमांकाची (फार विनंत्या झाल्या, अशी) त्रुटी येऊ लागते. नकलेमुळे तोही प्रश्न मिटतो.

फॅट_एसएनएफ

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र क्वेरी चालली म्हणजे उत्तर बरोबर आले असे नव्हे, हे दूध धंद्यातल्या माणसाने विसरता कामा नये. मी एजंटला गावनिहाय सरासरी फॅट विचारली तेव्हा त्याने नोंदींच्या फॅटची साधी सरासरी काढली. २ लिटर म्हशीचे दूध ६.० फॅटचे आणि १० लिटर गाईचे ३.५ फॅटचे असेल, तर साधी सरासरी ४.७५ येते. टँकरमध्ये मात्र ती सुमारे ३.९२ भरते, कारण लिटरचा भार धरावा लागतो. एजंटला हे आपोआप कळत नाही. म्हणून कमांडच्या मदत-मजकुरातच प्रत्येक रकान्याचा अर्थ, त्याचे एकक आणि सरासरी काढण्याची रीत लिहून ठेवा. माझा एजंट काम सुरू करताना तो मजकूर वाचतो, आणि माझ्या अनुभवात एवढ्या दहा-बारा ओळींनी जितका फरक पडला तितका प्रारूप बदलूनही पडला नव्हता.

गावांच्या नावांकडेही लक्ष द्या. "कऱ्हाड" हा शब्द तीन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याचा (खाली ठिपका असलेला) ऱ एकच अक्षर म्हणून, र आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण गावनिहाय गट पाडले की एका गावाची तीन गावे होतात. युनिकोड सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करण्याच्या रीतीने) पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही, तो नक्कल करतानाच बदलून घ्यावा लागतो. खरे तर गट नावावर पाडूच नयेत. गावांना क्रमांक द्या.

किल्ली_आणि_कुलूप

सुरक्षेविषयी थोडे. शीटसाठी सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचे गूगल खाते) तयार करा, शीट त्याच्या पत्त्यावर केवळ पाहण्याच्या अधिकाराने शेअर करा आणि स्कोपही (प्रोग्रामला मिळणाऱ्या परवानगीची व्याप्ती) फक्त वाचनाचाच मागा. "शीटमध्ये काही बदलू नकोस" असे एजंटला सांगणे ही विनंती झाली, कुलूप नव्हे. अकाउंटची किल्ली असलेली जेसन फाइल एजंट चालतो त्या फोल्डरमध्ये ठेवू नका, कारण ज्याला टर्मिनल वापरता येते त्याला ती उघडताही येते. नक्कल करणारा प्रोग्राम संगणकावरच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा.

उत्पादकांचे बँक खाते क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक दुसऱ्या टॅबवर असतील, तर ते नकलेत घेऊच नका. टॅब लपवला म्हणजे तो एपीआयला दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. शेऱ्याचा रकानाही शक्यतो वगळावा, कारण तिथे कोणीही काहीही लिहू शकतो आणि एजंट तो मजकूर आपल्यासाठीची सूचना समजण्याचा धोका असतो.

संकलन_वही

सर्वांचे मनापासून आभार. लिटरच्या रकान्याला खरोखरच एक दशांश स्थळाचे स्वरूप दिलेले होते. स्वरूपाशिवायची मूल्ये मागितल्यावर पायथनची बेरीज ३८,६३१.८५ वर आली, म्हणजे १४४.७५ लिटरचा उलगडा झाला. तरीही शीटपेक्षा १९.४० लिटर जास्तच राहिले. दरम्यान एसक्यूलाइटची नक्कल तयार केली, तर तिथली बेरीज शीटशी तंतोतंत जुळली, आणि त्यामुळे मी अधिकच गोंधळलो. शेवटी लिटरच्या रकान्यात आकडा नसलेल्या ओळी शोधायला एजंटला सांगितले, तेव्हा त्याने मूल्याचा प्रकार तपासणारी क्वेरी लिहून तीन ओळी पुढे ठेवल्या. त्यांत "६.५०", "७.४०" आणि "५.५०" असे देवनागरी अंक मजकूर म्हणून साठलेले होते.

टर्मिनलवाला

मग उलगडा झाला. पायथन देवनागरी अंकांचेही संख्येत रूपांतर करतो, म्हणून त्याने त्या ओळी धरल्या. शीटचे बेरजेचे सूत्र मजकूर सोडून देते आणि एसक्यूलाइट अशा मजकुराला शून्य मानतो. दोघेही तक्रार न करता पुढे जातात, म्हणून दोघांची बेरीज जुळली. याचा अर्थ या वेळी पायथन बरोबर होता आणि आपली शीटच कमी दाखवत होती. रकमेचा रकानाही तपासा.

संकलन_वही

तपासला. त्या संध्याकाळी वीज नव्हती, म्हणून नोंदी वहीत घेतल्या आणि नंतर फोनवरून मराठी कळफलकाने भरल्या. रकमाही तशाच मजकूर म्हणून पडल्या होत्या, त्यामुळे तिघांच्या बिलात त्या वेळचे दूध धरलेच गेले नव्हते. आज सचिवांनी स्वतःच्या हाताने तिन्ही ओळी दुरुस्त केल्या, पुढच्या बिलात "मागील फरक" म्हणून रक्कम लावली आणि तिघांनाही फोन करून तसे कळवले. नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये आता लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम या पाच रकान्यांत आकड्याखेरीज काही आढळले, तर नक्कल तिथेच थांबते आणि ओळ क्रमांक छापला जातो. मागच्या वर्षभराच्या नोंदींवर तीच तपासणी आज रात्री चालवतो आहे.