ग्राफिक्स कार्ड बदलायच्या आधी बायोस बघा

तुम्ही म्हणताय की एएमडीच्या रायझन ५६०० प्रोसेसरवर पीसी बांधला, टेंपरेचर नॉर्मल, विंडोज दोनदा टाकून झालं, तरी गेम मधेच सेकंद-दोन सेकंद अडकतो आणि आवाज पण घरघरतो. आवाजाचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण माझ्याकडे सेम असंच व्हायचं, साधं गाणं लावलं तरी एकच सूर टर्रर्र करून ओढल्यासारखा यायचा आणि मी महिनाभर उगाच कार्डला दोष देत होतो. कार्ड बदलू नका प्लीज. एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच सिक्युरिटीचा भाग, की वगैरे जपून ठेवणारा) चालू असला की तो मधूनमधून मदरबोर्डवरच्या बायोसच्या (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) फ्लॅश चिपशी बोलतो आणि तेवढ्यापुरतं सगळंच थांबतं, एएमडीने स्वतः २०२२ मध्ये हे मान्य केलं आणि एजीसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा कोड) १२०७ पासूनच्या बायोसमध्ये ते दुरुस्त केलंय. तुमचं बायोस त्याआधीचं असेल तर अपडेट मारा, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, हे खरंच विसरू नका. अपडेटनंतर एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवायचं बायोसमधलं सेटिंग) बहुतेक बंद झालेला असतो, तो परत लावा. तरीही पूर्ण फ्रीज होऊन पॉवर बटणच दाबावं लागत असेल तर ती वेगळी भानगड, मग एक्सएमपी एकदा चालू, एकदा बंद ठेवून रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावा आणि एरर किती येतात ते इथे टाका.