सल्ला हवा: यंत्रमाग सर्वेसाठी काय-स्क्वेअर चालेल का? (सोलापूर)

शेंगाचटणी: नमस्कार. एम.ए.च्या प्रबंधासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांचा सर्वे केलाय. दोन प्रश्न: माल कोणता (टॉवेल की चादर) आणि मुलं धंद्यात येणार का (हो की नाही). या दोन्हींचा संबंध आहे का ते तपासायचंय. एकजण एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर 'सगळं करून देतो' म्हणतोय, पण पैसे बरेच सांगतोय. द्यावेत का?

दोरेवाला: कशाला पैसे देताय ओ! कार्ल पीअर्सनची १९०० सालची काय-स्क्वेअर कसोटी, कागदावर होते. आडवं टॉवेल-चादर, उभं हो-नाही असा चार चौकटींचा तक्ता करा. संबंध नाही असं धरून प्रत्येक चौकटीत किती यायला हवेत ते काढा: आडवी बेरीज गुणिले उभी बेरीज, भागिले एकूण. समजा १२० जण, त्यात टॉवेलवाले ८० आणि 'हो' म्हणणारे सगळे मिळून ३०. म्हणजे टॉवेलवाल्यांत २० 'हो' अपेक्षित. निघाले १२. फरक ८ चा. चारही चौकटींत फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित आकडा, त्यांची बेरीज १२.८. दोन बाय दोनच्या तक्त्याला, पाच टक्के पातळीवर (म्हणजे संबंध नसताना चुकून 'आहे' म्हणायची जोखीम पाच टक्के), ३.८४ च्या वर गेलं की 'संबंध नाही' हे गृहीतक बाद.

गणित_मास्तर: बरोबर. फक्त टक्केवारी भरू नका, मोजलेली डोकी भरा. अपेक्षित आकडा कुठं ५ च्या खाली आला तर फिशरची अचूक कसोटी लावा, 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होते. एक्सेलही चालेल, पण तिथं अपेक्षित तक्ता आपणच करून द्यावा लागतो.

पूर्वभागकर: माझी शंका वेगळीच हाय. आमच्याकडं तीन भाऊ तीन शेड चालवतात. तिघांना विचारा, उत्तर थोरल्याचंच येणार. ते तीन धरायचे का एक?

शेंगाचटणी: अशी घरं आहेत माझ्या यादीत. बरीच.

गणित_मास्तर: मग खरी अडचण हीच. प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं ही कसोटी धरूनच चालते. घरटी एकच फॉर्म ठेवा, चिठ्ठी टाकून. नोंदी घटतील, घटू देत. प्रमाण तेच राहून माणसं निम्मी झाली तर काय-स्क्वेअरही निम्मा होतो, म्हणून सोबत क्रॅमरचा व्ही द्या, म्हणजे संबंध किती घट्ट ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा. दोन बाय दोनला सोपं आहे: काय-स्क्वेअर भागिले एकूण नोंदी, त्याचं वर्गमूळ. वरच्या उदाहरणात ०.३३. आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) 'चादरीमुळे पोरं धंद्यात टिकतात' असलं काही बोलू नका. कारण कुठलं, ते या कसोटीतून निघत नाही.

शेंगाचटणी: पण भावांच्या चुली वेगळ्या झाल्या असतील तर?

पूर्वभागकर: चूल नका बघू ताई. सूत कुणाच्या नावावर उचलतात ते विचारा. नाव एक, तर घर एक.